कोरियाचा बार आणि माझं उखळ

अकलूज, १४ सप्टेंबर २०१७

अहो,

पोचले. तुमी विचारणार न्हाई, म्हणून मीच सांगते. फोन करून काय उपयोग? तुमी पलीकडनं 'हं' म्हणणार, मी अलीकडनं 'हं' म्हणणार, आन् पैसे कंपनीवाल्याला. लिवलेलं मात्र तुमी टाकत न्हाई. भज्याचा कागदसुद्धा तेल पुसून वाचून काढता. म्हणून हे पत्र.

राजशेखरदादा स्टँडवर आला होता. वहिनीनं काय विचारलं न्हाई, नुसता चहा दिला, त्यातच समजलं की सगळं कळलंय. मी चांगली हाय. झोप चांगली लागती.

काम एकच हाय. माझं उखळ पाठवून द्या. माझ्या अव्वानं, पार्वतम्मानं, लग्नात दिलेलं हाय ते, तुमच्या सरकारनं न्हाई. रुद्रप्पाचा टेम्पो नातेपुत्याच्या बाजाराला येतो, त्यात टाका. मुसळ पण टाका. त्याच्या टोकाची लोखंडी वसवी ढिली झालीय, ती हरवू देऊ नका.

तुमी म्हणाल, त्या उखळानंच घात केला. केला असंल. पण मी हाक मारली होती हो. त्या रविवारी सकाळी अंगणात उखळापाशी उभी राहून चांगली मोठ्यानं म्हणाले, "कुटू का?" लग्न होऊन त्या टेकाडावर आल्यापास्नं मी न विचारता मुसळ उचललेलं न्हाई. बाकीच्या बायका नवऱ्याला विचारून माहेरी जातात, मी विचारून चटणी कुटते. तुमी वरच्या भूकंप मोजायच्या खोलीतनं "कूट" म्हणायचं, आन् सुईखालच्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं 'चटणी' लिवायचं, म्हणजे दिल्लीतल्या साहेबाला भूकंप वाटू नये. एवढा संसार आपण त्या एका हाकेवर केला.

त्या दिवशी तुमी बॅटरी आणायला होटगीला गेलेला. मला सांगून गेला न्हाई. मी दोनदा हाक मारली. म्हटलं, झोपला असंल सुईच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी साहेब तपासायला येणार, त्याला आपली शेंगाचटणी लई आवडती, दोन डबे बांधून द्यायचे होते. शेंगा भाजून गार झालेल्या. मग घेतलं मुसळ.

मला काय ठावं, त्याच घटकेला तिकडं उत्तर कोरियात डोंगराच्या पोटात हायड्रोजन बॉम्ब उडवलाय म्हणून! तिथला धक्का जमिनीतनं आपल्या सुईपर्यंत यायला दोन-तीन भाकरी भाजून होतात तेवढाच वेळ. तो आला, आन् मी नेमकी लसूण घालून कुटत होते.

साहेबानं कागद उलगडला तेव्हा मी दाराशी चहा घेऊन उभी होते. जगातल्या सगळ्या सुयांनी बॉम्ब टिपला आन् आपल्या सुईनं चटणी टिपली. नुसता केसाळ सुरवंट झालेला कागदावर. साहेब हसला सुदिक. तुमी हसला न्हाई. तुमी म्हणाला, "अडाणी बाई हाय साहेब, तिला काय कळतंय."

मी चहा ठेवला आन् पिशवी भरली.

अडाणी? मालगाडी होटगीला वळताना रेघ कशी होती ते तुमच्याआधी मी ओळखायची. खाणीतला सुरुंग कुठला आन् भूकंप कुठला, बोट ठेवून सांगायची. तुमी शिकवलं म्हणूनच की. मग शिकवलेली बाई साहेबापुढं अडाणी कशी झाली?

उखळ पाठवा.

सिद्धम्मा


अकलूज, ९ ऑक्टोबर २०१७

अहो,

रुद्रप्पाचा टेम्पो नातेपुत्याला येऊन गेला म्हणं. दादानं मुद्दाम माणूस पाठवला होता. टेम्पोत कांद्याची पोती होती, उखळ नव्हतं. रुद्रप्पा म्हणाला, "प्रभुअण्णा म्हणले, जड हाय, पुढच्या खेपेला बघू." जड हाय! बॅटऱ्या उचलताना जड होत न्हाई का?

हितं चटणी मिक्सरवर करतात. पीठ होतंय पीठ. तेल सुटत न्हाई, दाताखाली शेंग लागत न्हाई. दादा गपगुमान खातो, पण मी आल्यापास्नं दोनदा म्हणाला, "अव्वाच्या हातची चव गेली ती गेलीच." मी म्हटलं, चव न्हाई गेली, प्रभुअण्णाच्या अंगणात पडलीय.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट वाचा. दादाची सून अंकिता शाळेत विज्ञान शिकवती. तिला माझी कथा कळली तेव्हा पोट धरधरून हसली, मग मला जवळ घेतलं. परवा संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरवर एक नकाशा काढला. त्यात कुठलंबी गाव निवडायचं, बॉम्ब केवढा ते सांगायचं, आन् बटण दाबलं की गोल उमटतात. मुलांना दाखवायला करत होती. मला म्हणाली, "आत्या, तुमचाच बॉम्ब घेऊ, कोरियाचा. तो त्यांनी डोंगराच्या आत उडवला म्हणून डोंगर खचला, बाहेर काही झालं नाही. पण शहरावर टाकला असता तर?" आन् टाकला की तिनं सोलापूरवर! सिद्धेश्वराच्या तळ्यावर बरोब्बर.

पहिला गोल लहान, तिथं नुसती आग. तळं, देऊळ, किल्ला, सगळं त्यात. त्याच्या भायेर दुसरा, तिथं पक्की घरं भुईसपाट. मग आणखी मोठा, तिथं घर उभं राहील पण अंगाची कातडी भाजल. शेवटचा सगळ्यात लांब, त्यात नुसत्या खिडक्यांच्या काचा फुटतात. ती शांतपणे सांगत होती, शाळेत सांगते तसं. मी म्हटलं, होटगी दाखव.

होटगी त्या शेवटच्या गोलाच्या काठाकाठावर निघाली. मग मी बोटानं गाडीवाट धरून पुढं गेले, ओढा ओलांडला, कस्तुराबाईची वस्ती, लिंबाचं झाड असंल तिथं, आन् आपलं टेकाड. गोलाच्या भायेर. जरासंच, पण भायेर.

अंकिता म्हणाली, "बघा, मामा वाचले."

वाचले म्हणं! मला तितंच रडू आलं. सगळं सोलापूर जळतंय, माणूस उरलं न्हाई, आन् तुमी टेकाडावर एकटे, सुईपाशी, घड्याळ बघून कागदाच्या कडेला टाईम लिवताय. लिवणारच की तुमी! कागदावरच्या गोलानं माझा जीव असा कासावीस व्हावा म्हणजे काय! पण झाला. खोटं कशाला सांगू.

तिनं आणखी एक सांगितलं. उजेड आधी येतो, धक्का मागनं येतो. लोक काय चमकलं म्हणून खिडकीशी धावतात, बघत उभी राहतात, आन् तेवढ्यात काचा तोंडावर येतात. तवा तसा उजेड कधी दिसला तर खिडकीशी जाऊ नका. भिंतीच्या आडोशाला बसा. सुई राहू दे जरा.

चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली तशीच हाय का?

सिद्धम्मा


अकलूज, १६ नोव्हेंबर २०१७

अहो,

दिवाळी झाली. तुमी आला न्हाई, मी वाट बघितली न्हाई. हे दुसरं खोटं हाय, पहिलं झोपेचं.

कालची गंमत ऐका. दादाच्या घरी पाहुणे, वहिनी म्हणाली, चटणी तेवढी काढा. मी मिक्सरात शेंगा घातल्या, झाकण लावलं, आन् तोंडातनं निघून गेलं, "कुटू का?" मोठ्यानं, टेकाडावर ऐकू जाईल असं. सगळं घर माझ्याकडं वळून बघायला लागलं. मग पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली, "कूट बाई, तुला कोण नको म्हणतंय?" सगळे हसले, मी पण हसले. मग मागच्या दाराला जाऊन बसले.

नको म्हणणारं कुणी न्हाई हितं, हेच दुखणं हाय. मी दिवसभर चालते, जिन्यावरनं चढते, उतरते, धुणं आपटते. कुटंच उमटत न्हाई. तितं मी डबा घेऊन टेकाड चढायला लागले की तुमाला आधीच कळायचं. मी दारात येईपर्यंत तुमी कडेला 'डबा' लिवून पेन्सिल कानावर ठेवलेली असायची. पहिल्यांदा तुमी मला ते दाखवलं तवा मी नवी नवरी. म्हणाला, "ही बघ, ही तू." बारीक बारीक दात असल्यासारखी रेघ. म्हटलं, एवढीशी? तुमी म्हणाला, "एवढीशी न्हाई. जपानचा भूकंप याच्यापेक्षा बारीक आलाय." कुटलं जपान आन् कुटली मी! त्या दिवसापास्नं मी पाय जरा आपटूनच चालायची. तुमाला ते कधी कळलं का?

आपल्याला लेकरू झालं न्हाई. तुमी ती सुई लेकरागत जपली, मी पण जपली. वावटळ आली की खोलीच्या दाराला मीच टेकून उभी राहायची.

आता जरा भांडते. अंकिता रोज पेपर वाचून दाखवती. त्या कोरियाच्या बारात जोर किती होता, त्यावर अजून एकमत न्हाई. कुणी म्हणतं लाख टन सुरुंगाच्या दारूएवढा, कुणी म्हणतं दुप्पट, कुणी त्याच्याबी वर. सगळ्यांपाशी कागद हायत, सगळ्यांच्या सुया चांगल्या. मी विचारलं, मग असं का? ती म्हणाली, "आत्या, रेघेवरून जोर काढायचा तर बार किती खोल होता आणि भोवती खडक कसला होता ते कळावं लागतं. घट्ट खडकात धक्का जोरात पुढे जातो. पोकळीत केला तर तोच बार लहान दिसतो." मी म्हटलं, हे मला ठावं हाय. उखळ नुसत्या पाषाणावर असलं की माझं कुटणं कागदभर व्हायचं. खाली पोतं दुमडून घातलं की निम्मं. तुमीच एकदा घालून बघितलं होतं.

तर तुमच्या साहेबानं माझ्या हाताचा जोर मोजला, मी हाक मारली होती ते मोजलं न्हाई. ते त्याला कुटनं कळणार? पण तुमी तिथलेच होता. मी न विचारता कुटणारी बाई न्हाई, हे त्या टेकाडावर दुसऱ्या कुणाला ठावं होतं? एवढं जरी बोलला असता, "साहेब, ती हाक मारल्याबिगर कुटत न्हाई, मीच जाग्यावर नव्हतो," तरी मी चहा घेऊन आत आले असते आन् बशीत चटणी वाढली असती.

अजून राग हाय मला. पण आता रागापेक्षा तुमच्या "ऊट आतेनु?" ची आठवण जास्त येती. हितं जेवलीस का म्हणून सगळी विचारतात, मराठीत. कन्नडात विचारणारं कुणी न्हाई.

उखळाचं काय केलं? कळवा.

सिद्धम्मा


अकलूज, १२ डिसेंबर २०१७

अहो,

आज सकाळी कस्तुराबाईचा फोन आला. आधी ओळखच पटंना, एवढी हसत होती. मग म्हणाली, "सिद्धम्मा, तुझा नवरा बिघडला गं. आता ये बाई."

 म्हटलं, काय झालं, पडले का, ताप हाय का? "ताप कसला," ती म्हणाली, "तुझं उखळ घेऊन माळभर फिरतोय."

मग तिनं सगळं सांगितलं. रुद्रप्पाच्या बैलजोडीनं तुमी उखळ ओढून आधी लिंबाखाली नेलं. तितं बसून रिकाम्या उखळात मुसळ आपटलं. उठून टेकाडावर पळाला, कागद बघितला, खाली येऊन डोकं हलवलं. मग बैल जुंपून ओढ्यापाशी. परत आपटलं, परत पळाला. मग ओढ्याच्या पलीकडं, संगप्पाच्या काळ्या रानात. वस्तीवरची माणसं बांधावर बसून बघत्यात म्हणं, कामधंदा सोडून. संगप्पा म्हणाला, "अण्णा, शेंगा तरी घाला." तर तुमी त्याच्यावर खेकसला, "गप, सुई हलल!"

मी फोन कानाला धरून खाली बसले. बरं, पुढं ऐका, तुमाला सांगते आहे तुमचंच. काळ्या रानात तुमी चार लाकडं रोवली, वर पत्रा टाकला, भोवती शेणानं सारवलं. त्या बाजूनं वारा येतो म्हणून ताट्या बांधल्या. आन् कस्तुराबाईला म्हणाला, "सिद्धम्माला फोन लाव. तिला सांग, कुटलं तरी सुई हलणार न्हाई अशी जागा जवळपास सापडलीय, पण अजून खात्री न्हाई. एकट्याला जमत न्हाई. एकानं कुटायला पायजे आन् एकानं त्याच वेळी सुईपाशी बसायला पायजे. तवाच कळतंय."

कस्तुराबाई म्हणाली, "खरंच का गं, दोन माणसं लागतात व्हय?"

मी म्हटलं, व्हय, लागतात.

अहो, लबाड! सुईपाशी माणूस कशाला लागतंय? ती आपोआप लिवती, माणूस असो नसो. तुमी होटगीला गेला तरी तिनं माझं कुटणं लिवलंच होतं की! म्हणूनच तर एवढं रामायण झालं. खाली कुटायचं, सावकाश वर जाऊन कागद बघायचा, झालं काम. हे मला तुमी शिकवलं, नव्या नवरीला, त्या खोलीत उभं करून. अडाणी बाईला एवढं कळतंय.

पण मी कस्तुराबाईला बोलले न्हाई. दोन माणसं लागतात, हेच बरोबर हाय.

वहिनीला सांगितलं तवा ती म्हणाली, "भाऊजींना सरळ 'ये' म्हणता येत नाही का?" मी म्हटलं, हेच म्हणालेत की ते. एवढं मोठ्यानं आयुष्यात कधी बोलले न्हाईत. दादानं नुसतं कपाट उघडलं आन् माझी पिशवी खाली काढली.

येळवशीचा सण तोंडावर आलाय. हितं त्याचं कुणाला काय न्हाई, अमावस्या म्हणून नारळ फोडतात आन् गप्प बसतात. आंबील न्हाई, भज्जी न्हाई, रानात पांढरी घोंगडी अंथरून कुणी जेवत न्हाई. आंबील मी येऊन घालते, ताक तेवढं करून ठेव म्हणून सांगा कस्तुराबाईला. बाजरी तिच्याकडं असंल. आन् भज्जीला हरभऱ्याचा पाला संगप्पाच्या रानातला, तुमी त्याचं रान सारवलंयच, आता पाला पण मागून ठेवा.

सिद्धम्मा


अकलूज, १४ डिसेंबर २०१७

अहो,

हे पत्र रुद्रप्पाच्या हाती देते. तो आज नातेपुत्यावरनं परत जाताना हितनं जाईल, रात्रीपर्यंत तुमाला मिळंल. मी उद्या सकाळच्या गाडीनं निघते. सोलापुरात उतरून होटगीची गाडी धरीन, तितनं वस्तीपर्यंत कुणीबी सोडंल.

काय न्यायचं, काय ठेवायचं, सगळं झालं. अंकितानं तिच्या नकाशाचा एक छापील कागद दिलाय, तुमच्यासाठी. त्यात आपलं टेकाड मी पेन्सिलीनं टिंब करून दाखवलंय. गोलाच्या भायेर. मी तिला म्हटलं, आता तितं दोन माणसं हायत असं धर. ती म्हणाली, "धरते आत्या."

एक अट हाय. दुसऱ्या दिवशी काळ्या रानात जाऊन मी कुटीन, शेंगा घालून, भरपूर लसूण घालून. पण आधी हाक मारीन. ओढ्याच्या पलीकडनं टेकाडापर्यंत माझा आवाज पोचतो का न्हाई, मला ठावं न्हाई. न्हाई पोचला तर तुमी खाली येऊन "कूट" म्हणायचं. मग वर जायचं. गुडघे दुखले तर दुखू द्या. आन् साहेब आला तर त्याला तुमी स्वतः सांगायचं, मी हाक मारली होती म्हणून. माझ्यासमोर. चहा मीच आणीन.

उद्या स्टँडवर येऊ नका. रुद्रप्पाला पाठवू नका. दाराशी सुदिक उभं राहू नका. वर खोलीत सुईपाशी बसा. मी वस्तीपास्नं टेकाड एकटी चालत चढणार हाय, पाय आपटून. बघू ओळखता का.

ओळखलं तर पेन्सिल घ्या, पण कडेला 'डबा' लिवू नका. डबा न्हाई ह्या वेळी. नुसती मी हाय.

सिद्धम्मा